नकाशातली रिकामी खोली

मी एका जिनिंगचा नकाशा बोलतोय. खरं तर बोलायला तोंड वर होत नाही. पण माझ्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ही जिनिंग दर्यापूरच्या रस्त्याला आहे. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायला लागतात. कापसातली सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि रुईच्या गाठी बांधून अकोल्याला जातात. पाऊस लागायच्या आधी सगळं बंद. मग चार-पाच महिने इंजिन थंड, दाराला कुलूप आणि आवारात गवत.

माझा जन्म त्या बंदच्या दिवसांतला, एकोणीसशे सत्तावन्नच्या आषाढातला. त्याच्या आधीच्या साली जुना फिटर वारला होता, आणि कशाला काय जोडलेलं आहे ही माहिती त्याच्याबरोबरच गेली होती. कोणता पट्टा सोडला तर काय थांबतं, हे शोधण्यात अर्धा हंगाम वाया गेला. म्हणून मालकांनी ठरवलं की आपल्या जिनिंगमध्ये काय काय आहे आणि ते एकमेकांशी कसं वागतं, हे सगळं एका जागी काढून ठेवायचं. त्यासाठी अमरावतीहून शाळेतले चित्रकलेचे कमलाकांत मास्तर बोलावले.

मास्तर मन लावून काम करणारे. जिनिंग बंद होती ते त्यांना बरंच वाटलं, कारण आवाज नाही, धूळ नाही, कोणी मधे येत नाही. धोतर खोचून ते इंजिनाखाली वाकले. शिडी लावून छताखालचा फिरता दांडा मोजला. मग खळ दिलेल्या निळसर कापडावर त्यांनी मला काळ्या शाईने काढलं. प्रत्येक वस्तूची एक चौकट, आणि एका चौकटीतून दुसरीकडे जाणारा बाण. इंजिन दांड्याला फिरवतं, दांडा पट्ट्यांना, पट्टे चोवीस जिनांना, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांना. सरकी इकडे, रुई तिकडे. हुकमाचे बाण मात्र तांबडे. ते मॅनेजरकडून निघून इंजिनघरात जायचे, आणि इंजिनघरातून पुढे.

गाठी बांधायच्या यंत्राशेजारी एक लांबट खोली होती. मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. चार भिंती, वर दोन तुळया, कोपऱ्यात माठाची तिवई. त्यांनी चौकट काढली आणि आत वळणदार अक्षरात लिहिलं, ‘खोली, रिकामी’.

आषाढात ती रिकामीच होती. मास्तर खोटं लिहीत नव्हते. मीही खोटं सांगत नव्हतो. हे मी स्वतःला किती वेळा म्हटलं असेल, पण म्हणून बरं वाटत नाही.

मला ऑफिसच्या भिंतीवर लावलं. मालक पाहुण्यांना हात धरून माझ्यासमोर आणत. “पाहा, पुरी जिनिंग एका कपड्यावर.” मी फुगून गेलो होतो. आपल्यावर जे नाही ते जगातच नाही, असं मला वाटायला लागलं.

दिवाळीनंतर इंजिन सुरू झालं आणि बाया कामाला आल्या. ऑफिसच्या खिडकीतून मला ती खोली समोर दिसायची. ज्यांची लेकरं अंगावर पिणारी, त्या बाया सकाळी आल्या की आधी तिथे जायच्या. जुनं लुगडं तुळईला बांधून झोळी करायची, लेकरू आत टाकायचं, दोन झोके द्यायचे आणि पळत जिनावर जायचं. त्या खोलीत रुई कमी उडते, आणि जिनांच्या एकसुरी आवाजाने लेकरं झोपतात, हे त्यांना आपल्या आयांपासून ठाऊक. लेकरांजवळ पार्बताबाई बसायची. तिचे गुडघे गेले होते. हजेरीत ती रुई उचलणारी होती, पण तिच्या वाटची रुई बाकीच्या आळीपाळीने उचलत, आणि ती तिघीचौघींची लेकरं पाही. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. चालत आलेलं होतं.

माझ्यावर ‘रिकामी’ लिहिलेलं, आणि समोर झोळ्या हलताना दिसत. तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. पण मला वाटलं, मी बरोबर आहे, त्याच चुकीच्या जागी आल्या आहेत.

दुसऱ्या हंगामाला नवे मॅनेजर आले, चिंतामणराव. माणूस शिकलेला, सरळ. आल्या आल्या आठ दिवस ते खिडकीकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले आणि मला पाठ केलं. लोकांना विचारायला त्यांना संकोच वाटायचा. कापडाला विचारायला काय लागतं?

त्यांनी एक सुधारणा काढली. बाया डोक्यावरून रुई वाहतात, त्यात वेळ जातो, रुई सांडते. तर मोठा पंखा बसवायचा, नळातून रुई ओढायची आणि यंत्राजवळच्या रिकाम्या खोलीत सोडायची. कल्पना चांगलीच होती. अकोल्याहून मिस्त्री आले. त्यांनी बाजाराच्या दिवशी नळ बसवला. त्या दिवशी जिनिंग बंद असते आणि झोळ्या सोडून घरी नेलेल्या असतात.

दुसऱ्या सकाळी पार्बताबाईने भिंतीतलं नवं भोक पाहिलं. तिला वाटलं, लेकरांना वारा लागावा म्हणून कोणी चांगल्या माणसाने पाडलं.

त्या दिवशी खोलीत एकच झोळी होती. सुभद्राची शकुन, चार महिन्यांची. सुभद्राची ही तिसरी खेप. आधीची दोन राहिली नव्हती. म्हणून ती दर तासाला जिन सोडून येऊन झोळीत हात घालून बघायची, छाती हलते का. बाकीच्या तिला हसत. “अवं, किती पाह्यशीन? पाहून पाहून झिजन ना ते लेकरू,” एकजण म्हणायची. सुभद्रा म्हणायची, “झिजू दे. माह्या डोयानं झिजन.”

पार्बताबाई घागर घेऊन टाकीवर गेली होती. तेवढ्यात चिंतामणराव मला गुंडाळून काखेत घेऊन खोलीकडे आले. बाहेर लख्ख ऊन. उन्हातून अंधारात डोकावलं तर काय दिसणार? झोळी पलीकडच्या टोकाला, उंच. ते म्हणाले, “ठीक,” आणि रुई बाहेर उडू नये म्हणून दार ओढून बाहेरून कडी लावली.

कडी लागण्याच्या आधी मला आतून तुळई कुरकुरल्याचा आवाज आला. आला होता का? अजून मी स्वतःला विचारतो. आला असता तरी मी काय करणार होतो? माझ्यावर फक्त अक्षरं होती.

इंजिनघरात शेषराव होता, इंजिन चालवणारा. चिंतामणरावांनी मला ओट्यावर पसरलं आणि म्हणाले, “सोड पंखा.”

शेषराव थांबला. “खोली पाह्यली ना साहेब?”

“आत्ताच पाहून आलो. आणि हे काय लिहिलंय?” त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं.

“मले वाचता येत नाई.”

“रिकामी लिहिलंय.”

शेषरावला वाटलं, लेकरं दुसरीकडे नेली असतील. त्याने पट्टा सरकवला.

पंखा घुमायला लागला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग दारात पार्बताबाई दिसली. घागर कुठेतरी टाकलेली, लुगडं ओलं. गुडघे गेलेली बाई पळत आली होती. 

“बंद कर. शेषराव, बंद कर. पोरगी आत हाये.”

माझ्यावर त्या बाईकडून इंजिनाकडे येणारा बाण नव्हता. पण शेषरावला वाचता येत नव्हतं, हे बरं झालं. त्याने मॅनेजरकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं इंजिनच बंद केलं.

चोवीस जिन एकदम गप्प झाले. त्या शांततेत सुभद्राला कळलं. कोणी सांगायची गरज पडली नाही. ती पळाली. कडी काढली तर आतून पांढरी रुई तिच्या अंगावर आली. ती कमरेइतक्या रुईत शिरली, हाताने उपसत, झोळीपर्यंत. झोळी रुईने भरली होती. लेकरू वर दिसतच नव्हतं.

शकुन निळी पडली होती. पार्बताबाईने तिला उलटं धरलं, तोंडात बोट घालून रुईचा बोळा काढला, पाठीवर थापा मारल्या. दोन थापा, तीन. चौथीला ती रडली. सुभद्रा मात्र रडली नाही. तिने तिथेच रुईत बसून पोरीला छातीशी धरलं, आणि पोरगी पिईना.

चिंतामणराव पांढरे पडले होते. तरी त्यांच्या तोंडून निघालं, “इंजिन कोणाच्या हुकमाने बंद केलं?”

“बुढीच्या,” शेषराव म्हणाला.

पोरगी जगली. पण श्वास घेताना तिच्या छातीत शिटी वाजायला लागली.

मला वाटलं होतं, आता मला फाडून टाकतील. तसं झालं नाही. उलट माझी किंमत वाढली. कारखाने तपासणारे साहेब चौकशीला येणार होते. मालकांच्या माणसाने कागद तयार केला की खोली लेकरांसाठी नव्हती, नकाशात ती रिकामी आहे, आईने परवानगी न घेता स्वतःच्या लेकराला धोक्यात टाकलं. चौकशी होईपर्यंत सुभद्राने आणि पार्बताबाईने कामावर येऊ नये. म्हणजे मी आधी दाराला कडी लावली, आणि आता त्या आईच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिलो. गावात बायाही बोलायला लागल्या, दोन गेली, तिसरीलेही सांभायता आलं नाई हिले.

चौकशीच्या दिवशी कमलाकांत मास्तरांना बोलावलं होतं. मालकांच्या आणखी दोन जिनिंगांचे नकाशे त्यांनाच काढायचे होते. साहेबांनी विचारलं, “हा तुम्ही काढलात? बरोबर आहे?”

मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “एक सूतही चुकलेलं नाही,” ते म्हणाले. त्यांना माझा अभिमान होता. मला त्यांची कीव आली, आणि माझीही.

सुभद्रा भिंतीशी उभी होती, कडेवर शकुन. ऑफिसात कोणी बोलत नव्हतं तेव्हा पोरीच्या छातीतली शिटी ऐकू येत होती. मास्तरांचं लक्ष तिकडे गेलं.

पार्बताबाई खाली बसलेलीच बोलली, “मास्तर, तुमी कधी आले होते?”

“आषाढात.”

“आषाढात आमी वावरात निंदाले असतो. इथं कुत्रं बी नसते. तुमाले कोन दिसन मंग? दिवाईनंतर आले असते तं आमी दिसलो असतो, लेकरं दिसली असती. तुमी लोखंड तेवढं पाह्यलं.”

मालकांचा माणूस म्हणाला, “तुला कोणी विचारलं?”

“नाई विचारलं कोनी,” ती म्हणाली. “तेच तं सांगून राहिली.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग साहेबांना म्हणाले, “लिहून घ्या. नकाशा चुकला आहे. मी बंद जिनिंग काढली. चालू जिनिंग मी पाहिलीच नाही.”

“पण खोली तर...”

“खोली रिकामी नव्हती. मी रिकाम्या दिवशी आलो होतो. त्यात या बाईची चूक नाही.”

त्यांना ते पुढचे दोन नकाशे मिळाले नाहीत. सुभद्राचं नाव कागदावरून निघालं, ती आणि पार्बताबाई कामावर आल्या. साहेबांनी लेकरांसाठी वेगळी खोली करायला लावली. चिंतामणराव आता कोणत्याही दाराला कडी लावायच्या आधी आत जाऊन हाक मारतात. जिनिंगमधली माणसं गालात हसतात, पण ते हाक मारतात.

मास्तर माघात परत आले, आपल्या खर्चाने. दोन दिवस धुळीत, आवाजात, पार्बताबाईशेजारी फतकल मारून बसले. कोण कोणाला हाक मारतं, कोण कोणाचं काम उचलतं, पट्टा घसरला तर आधी कोणाला कळतं, हे सगळं विचारून लिहिलं. नव्या नकाशात यंत्रांइतकीच माणसं आहेत. त्यात पार्बताबाईपासून इंजिनघरापर्यंत एक जाड तांबडा बाण आहे.

मला काढून कोपऱ्यात टाकलं होतं. सुभद्रा ऑफिसात आली. “साहेब, तो जुना नकाशा मले द्या.”

“कशाला?” चिंतामणराव म्हणाले. त्यांना तिच्याकडे पाहता येत नव्हतं.

“पोरीच्या छातीले बांधाले कपडा पायजे. मजबूत कपडा हाये हा. खळ गेली का मऊ होते.”

तिने मला विहिरीवर दगडावर धुतलं. इंजिन गेलं, दांडा गेला, चोवीस जिन गेले, हुकमाचे बाण गेले. मऊ झालो. चौकटींच्या रेघा तेवढ्या अजून पुसट दिसतात.

आता शकुन पाच वर्षांची आहे. थंडी पडली की तिची छाती भरते. मग सुभद्रा कोमट तेलात ओवा घालून चोळते आणि मला तिच्या छातीभोवती गुंडाळते. पोरगी झोपते. आई उशाशी बसून हात ठेवून बघते, छाती हलते का. माझ्या या बाजूला तिचा हात असतो, त्या बाजूला पोरीचा श्वास. श्वास आत जातो तेव्हा मी ताणला जातो. मधेच तो अडकतो, आणि मला त्या दिवसाचा पंखा ऐकू येतो. मग शिटी वाजते आणि तो बाहेर येतो.

मला माफी मागता येत नाही. सुभद्राने मला कधी दूषण दिलं नाही, ते जास्त लागतं. तुमच्यापैकी कोणी कशाचा नकाशा काढत असाल, कारखान्याचा, शाळेचा, घराचा, तर एवढं करा. काम चालू असताना जा. आणि ‘रिकामी’ लिहायच्या आधी तिथे कोणाला तरी विचारा.

आता मला बोलू देऊ नका. पोरगी झोपली आहे. तिचा श्वास मला नीट ऐकायचा आहे.