पट्टी कुठल्या डोळ्याला

शिंपीआजोबांच्या सहा वर्षांच्या नातीचा, पिटुकलीचा, डावा डोळा आळशी आहे असं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा आजोबांना ते काही रुचलं नाही.

"आमच्या घरात आळशी कुणी नाही."

"घरात नसेल, हिच्या डोळ्यात आहे. उजवा राबतो, डावा नुसता बसून खातो. रोज दोन तास उजव्यावर पट्टी लावा, म्हणजे डावा कामाला लागेल. पण आत्ताच. वय वाढलं की डोळा शिकायला कुरकुरतो."

आजोबांनी तीन महिन्यांत एकही खाडा केला नाही. देवाला फूल वाहावं तशा हलक्या हाताने शिलाई मशीनपाशी पट्टी लावायचे. तरी तपासणीत डाव्या डोळ्याची गाडी तक्त्याच्या वरच्या दोन ओळींपुढे सरकेना. आजोबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता नाहीच का यायची नजर?"

सिस्टरबाईंनी पिटुकलीची हनुवटी खिडकीकडे वळवली. उन्हात खेळून चेहरा रापलेला, आणि एका डोळ्याभोवती तेवढा गोरा गोल. डाव्या.

"आजोबा, पट्टी कुठल्या डोळ्याला?"

"दुखणाईत डोळ्यालाच की. पाय मोडला तर प्लास्टर त्याच पायाला घालतात ना?"

"मी सांगत होते," पिटुकली म्हणाली. "आजोबाच म्हणाले, मोठ्यांना शिकवू नकोस."

आजोबा टोपी चाचपत बसले. मग हळूच म्हणाले, "पहिल्या दिवशी उजव्यालाच लावली होती हो. पोर दारावर आपटली, रडली. मला वाटलं, ऐकण्यात माझंच चुकलं."

सिस्टरबाईंचं हसू तिथेच थांबलं. "वेळ गेलेली नाही अजून. ती रडेल. तुम्ही मात्र विरघळायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मशीनपाशी दोघं पट्टी लावून बसू लागली. "आजोबा, तुमचा कुठला आळशी?" पिटुकली विचारायची, आणि आजोबांची शिवण वाकडी जायची.

पुढच्या तपासणीला ती चित्रांच्या तक्त्यावर चौथ्या ओळीपर्यंत उतरली. पाचवीला अडखळली. मागून आजोबांची कुजबुज आली, "छत्री, छत्री."

पिटुकलीने डावा डोळा बारीक केला. "छत्री कसली? घर आहे ते."

सिस्टरबाईंनी कार्डावर खूण केली. "घरच आहे. देवाची कृपा. आजोबा, पुढच्या खुर्चीवर या. आता तुमची पाळी."