तिजोरीचा उपवास

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाणी ओढणारा नव्हे बरं का, पाण्यात औषध सोडणारा. माझ्या पोटात रबराचा एक पडदा आहे. तो मागेपुढे हलला की शेजारच्या डब्यातलं क्लोरीन थेंबाथेंबाने शहराच्या पाण्यात जातं. मी नवा आलो तेव्हा धिप्पाड पंपांशेजारी मला बघून कामगार हसले होते. पुढे गावातली दुखणी कमी झाली आणि त्यांची तोंडं बंद झाली. मिस्त्री रोज माझं अंग पुसायचा. त्याची लेक ठमी शाळा सुटली की डबा घेऊन यायची आणि पंपघराच्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायची. ती माझ्या भरवशावर पीत होती.

मग नगरपालिकेत नवे अध्यक्ष आले. माणूस सज्जन, उगाच खोटं कशाला बोलू? लाचेचा पैसा त्यांना विषासारखा. स्वतः उपवास करायचे, कुणाचं उसनं ठेवायचे नाहीत. पण त्यांच्या मनाने घेतलं की जे माणसाला तारतं ते तिजोरीलाही तारेल. म्हणून तिजोरीने उपवास धरला. पगार सोडून खर्च बंद. कर्ज तर नकोच, कर्ज म्हणजे पाप. जो काही मागेल तो हावरट ठरू लागला. सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. हिशेब चुकला तर बोलता येतं, पण पुण्याला चूक कोण म्हणणार?

त्याच सुमारास माझा पडदा विरायला लागला.

"नवा पडदा मागून घ्या हो," मिस्त्रीची बायको पंपघरात येऊन म्हणाली.

"उपवास सुटू दे. आत्ता मागितलं तर चारचौघांत शोभेल का?"

"ज्याला उपवास करायचाय त्याने आपल्या ताटावर करावा. दुसऱ्याचं ताट ओढून कसलं पुण्य मिळतं?"

"चांगल्या कामाला नाट लावू नकोस," मिस्त्री म्हणाला. त्याचाही अध्यक्षांवर फार जीव होता.

काही दिवसांनी अध्यक्ष पंपघर बघायला आले. माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "इतकी वर्षं झाली, याने कधी काही मागितलं नाही. याच्याकडून शिका." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हा माझा पडदा फाटलेला होता, मित्रांनो. दांडा हलत होता, टकटक चालू होती, आणि औषध फिरून परत डब्यातच पडत होतं. मोठे पंप कुरकुरतात, तेल मागतात, अडून बसतात. मला मात्र संयमी म्हणवून घ्यायचं होतं. मी अडलो असतो तर कुणीतरी मला उघडून पाहिलं असतं. मी टकटक करत राहिलो.

औषधाचा डबा रिकामा होईना. मिस्त्रीने तो अध्यक्षांना नेऊन दाखवला. "साहेब, औषधसुद्धा संपत नाही. उपवासाला बरकत आली." अध्यक्षांनी डोळे मिटून हात जोडले. झाकण उघडून मला कुणी बघितलं नाही.

उपवास सुटला त्या सभेत भली मोठी शिल्लक जाहीर झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात घरोघर कावीळ निघाली. दवाखान्यात खाटा पुरेनात. ठमीचे डोळे आधी पिवळे झाले, मग ती कुणाला ओळखेना. ती गेली.

अध्यक्ष मिस्त्रीच्या दारात आले. शिल्लक सगळी दवाखान्याला देतो म्हणाले. मिस्त्रीची बायको शांतपणे म्हणाली, "उपवास तुमचा होता. जीव माझ्या लेकीचा गेला." अध्यक्ष आल्या पावली परत फिरले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या अशा तिजोरीजवळ बसेल. देवाला जरूर भ्या. स्वतःचा घास सोडायचा तर खुशाल सोडा. पण सगळ्यांच्या पैशाला व्रतं घालू नका, आणि मागणाऱ्याला पापी ठरवू नका. त्याला काय हवंय ते आधी उघडून बघा.

आता मला नवा पडदा आहे. औषध बरोबर जातं, रोज तपासणी होते. तरी मिस्त्रीची बायको माझं पाणी उकळल्याशिवाय पीत नाही, आणि तिने पिऊही नये.