खूण असलेलं वेस्ट

कंपनीत लागल्यावर मशीनला हात लावायच्या आधी मी एक शब्द शिकले. वेस्ट. कापून उरलेला तुकडा वेस्ट, उसवलेला दोरा वेस्ट, तेलाचा डाग पडलेली बाही वेस्ट. शिलाई वाकडी गेली की सुपरवायझर बाई ओरडायच्या, "पीस वेस्ट केलास!" पाणी प्यायला जरा रेंगाळलं की टाइम वेस्ट. एका पोरीला काही केल्या सरळ शिलाई जमेना, तर बाई तिलाच तोंडावर वेस्ट म्हणाल्या. ती बिचारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता रडत बसली. आमच्या कन्हेरी गावात या सगळ्याला निरनिराळे शब्द होते. चिंधी वेगळी, उष्टं वेगळं, केर वेगळा आणि वाया गेलेलं माणूस तर अगदीच वेगळं. बारामतीच्या एमआयडीसीत मात्र एका शब्दात सगळ्यांचा निकाल लागायचा. मला तो शब्द आवडला होता, खोटं कशाला बोलू? तो तोंडात आला की आपण कंपनीतलं माणूस झालो असं वाटायचं.

तोच शब्द मी घरी नेला आणि त्याच्यामागून घरात संशय शिरला.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमची शर्टांची कंपनी होती. कटिंगच्या टेबलाखाली कापडाच्या तुकड्यांचा ढीग पडायचा, निळे, पांढरे, बारीक रेघांचे. मी तिकडं टकामका बघते हे कटिंग मास्तरांच्या ध्यानात आलं. म्हणाले, "घेऊन जा गं मनिषा. वेस्टच आहे. नाहीतरी खड्ड्यात जाळतात." गेटवर बायकांच्या पिशव्या तपासायला शकुबाई असायची. ती पिशवीत हात घालून बघायची आणि म्हणायची, "वेस्ट हाय व्हय? जा." सगळा तोंडी कारभार. मला तेव्हा दिवस गेले होते आणि त्या तुकड्यांचं बाळाला दुपटं शिवायचं माझ्या मनात होतं.

सासूला आमच्यात आत्या म्हणतात. माझ्या सासूबाई तानूबाई आणि सासरे म्हस्कू, त्यांना मी मामा म्हणते. दोघांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पुढं कळप विकला, थोडं रान घेतलं, ऊस लावला, पण आत्यांची नजर काही बदलली नाही. समोर काहीही आलं की आधी त्याची खूण बघायची. कळपात प्रत्येक घरची कान कापायची तऱ्हा ठरलेली असते. आमच्या घरची म्हणजे उजव्या कानाला शेंड्यापाशी दोन खाचा. दुसऱ्या खुणेचं मेंढरू आपल्यात शिरलं तर ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, मग ते लंगडं असो, आंधळं असो. निरवांगीच्या माळावर असंच एक लंगडं मेंढरू आमच्यात आलं होतं, तर आत्यांनी ते खांद्यावर घेऊन पार इंदापूरच्या अलीकडं त्याच्या मालकाला पोचतं केलं होतं. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून इतक्यांदा ऐकली होती की ते मेंढरू मला आता माहेरचं वाटायला लागलं होतं.

पहिल्या दिवशी मी तुकड्यांची पिशवी ओट्यावर ओतली. आत्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला.

"ह्ये काय चिकटावलंय?"

"नंबर हाय आत्या. एका शर्टाची बाही दुसऱ्याला लागू नये म्हनून चिकटवत्यात. बाद झाल्याल्या तुकड्यावर तसाच ऱ्हातोय."

"मंजी खूण हाय."

"आवो, पर वेस्ट हाय त्ये."

"येस्ट मंजी?"

"मंजी मालकाला नको झाल्यालं."

"मालक जित्ता हाय का?"

"हाय की."

"मंग त्येनं सोत्ता सांगितलं का तुला, मला नको म्हनून?"

आता कंपनीचा मालक मुंबईला. त्याला मी जन्मात बघितलेलं नाही. "मास्तरांनी सांगितलं," मी म्हटलं.

"मास्तर मंजी गडी का मालक?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी तुकडे गोळा करून ट्रंकेत टाकले आणि झाकण आपटलं.

त्या दिवसापासून आत्यांनी तो शब्द धरला. भाकरी करपली की म्हणायच्या, "मनिषा, ही येस्ट हाय का खायाची?" मामा ओट्यावर घोरत पडले की, "ह्ये बगा आमचं येस्ट." मामा हसायचे, मला मात्र ते टोमणे झोंबायचे. टोमण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. मी कामावरून आले की आत्या पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि त्याच हातानं पिशवी घ्यायच्या. डबा बाहेर काढायचं निमित्त आणि बोटं पार तळाशी. गेटवर शकुबाईची झडती आणि घरी हिची. शेजारच्या कुशाबाईची पोरगी दुसऱ्या कंपनीत होती. तिला एकदा विचारताना मी कानानं ऐकलं, "तुला देत्यात का गं असलं कापाड? न्हाय? मंग आमचीलाच का देत्यात?"

हा प्रश्न घरभर फिरून माझ्या नवऱ्यापर्यंत पोचला. ते, दादासो, साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. एकदा जेवता जेवता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमचा मास्तर वयानं केवढा हाय गं?"

"तुमच्या बापाएवढा," मी म्हटलं आणि ताट तसंच ठेवून उठले. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. चोर तर चोर, आता आणखी काय काय व्हायचं बाकी राहिलं होतं?

मग मीही संशय घ्यायला शिकले. ट्रंकेतल्या तुकड्यांचं मी जुन्या लुगड्यात गाठोडं बांधायचे. एके दिवशी गाठ मला वेगळी वाटली. मी मुद्दाम उलटी गाठ मारून गेले, परत आले तर ती सुलटी. आत्या गाठोडं सोडून बघत होत्या, हे नक्की. का बघत होत्या? कुशाबाईला देत असतील का? का दादासोंना दाखवत असतील? मी विचारलं नाही. एका चुलीवर जेवण करून आम्ही दोघी एकमेकींवर डोळा ठेवून होतो.

दुपटं मात्र मी शिवत होते. निळ्याला पांढरा, पांढऱ्याला रेघांचा असं जोडत, सुट्टीच्या दिवशी दारात बसून. आत्या लांबून बघायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या खुनंचं कापाड लेकराच्या अंगावर घालू न्हाई, मनिषा. येतायेताच लेकरू दुसऱ्याच्या दाव्याला लागतंय."

"नंबर काढून टाकलेत मी," मी म्हटलं.

"खूण काडून टाकनाऱ्याला काय म्हनत्यात ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. मेंढराचा कान पुन्हा कापून आधीची खूण मोडणाऱ्याला धनगरवाड्यात कुणी पाणीसुद्धा देत नाही. बोटाला सुई टोचली तरी मी शिवत राहिले.

तेवढ्यात कंपनीत नवे मॅनेजर आले. आल्या आल्या जळोचीच्या एका पोरीच्या पिशवीत बटणांची पुडी सापडली म्हणून तिला कामावरून काढलं आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं, कंपनीची कसलीही वस्तू बाहेर गेली तर काम बंद, वेस्ट असलं तरी. मास्तरांचा तोंडी शब्द आता काही कामाचा नव्हता. मी त्या दिवसापासून तुकडा उचलला नाही. दिवाळीनंतर मला कायम करणार होते, आणि बाळंतपणाला, डॉक्टरला, सगळ्याला त्या कामाचाच आधार होता. घरातल्या गाठोड्याचं कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पण जळोचीच्या पोरीची बातमी कुशाबाईनं कन्हेरीत आणली, आणि आत्यांनी ती चुलीपुढं बसून ऐकली. मला काहीच म्हणाल्या नाहीत. तिथंच मला शंका यायला हवी होती. बोलणाऱ्या आत्यांची मला सवय होती, गप्प आत्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली आणि पोरी म्हणाल्या, "गेटवर कोन म्हातारी आलीय बग, मालकाला बोलवा म्हनतीया."

मी दारापाशी गेले. गेटच्या आत आत्या उभ्या होत्या. डोक्यावर माझ्या लुगड्यातलं गाठोडं. एसटीनं बारामतीला आणि तिथून भर उन्हात चालत आल्या असणार, पाय धुळीनं माखले होते. वॉचमन हसत होता. शकुबाई गाठोड्याकडं बघत होती आणि मग तिनं सावकाश माझ्याकडं बघितलं. लुगडं ओळखीचं नसलं तरी त्यातून डोकावणारं कंपनीचं कापड तिला ओळखू येणारच होतं.

मॅनेजर आले. "काय आहे आजी?"

"तुमचं हाय," आत्यांनी गाठोडं खाली ठेवून सोडलं. "खूण बगा. परत आनलंय."

आवाजात केवढा ताठा होता! मला वाटलं, आता ह्या बाईला इंदापूरच्या मालकानं दिलेल्या भाकरीची आठवण होतेय. मेंढरू परत आणणाऱ्याला आमच्यात बसायला घोंगडं देतात, भाकरी देतात, चौकशी करत नाहीत. तिचा सगळा हिशेब तेवढाच होता. घरावर चोरीचा डाग नको, गाठोडं मालकाच्या दारात, विषय संपला.

मॅनेजरांनी मात्र भाकरीचं विचारलं नाही. "कोणत्या पोरीनं नेलं हे?"

आत्या सुटलेल्या गाठोड्याचं टोक सारखं करत राहिल्या.

"नाव सांगा आजी. घाबरू नका, तुम्हाला काही करणार नाही. त्या पोरीला काढायचंय."

मग आत्यांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले, कंपनीचा निळा एप्रन घालून दारात उभी. आता सांगणार, असंच मला वाटलं. इतके दिवस ही बाई हेच तर शोधत होती. मी पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"वाटंला गावलं," आत्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. जी बाई दुसऱ्याच्या लंगड्या मेंढरासाठी तालुका तुडवत गेली, ती बाई माझ्यादेखत खोटं बोलत होती.

"वाटेत? एवढं सगळं?" मॅनेजरांनी वाकून गाठोडं उलगडलं. सगळ्यात खाली घडी घातलेलं दुपटं होतं. तेही आत्यांनी सोडलं नव्हतं. कंपनीचं कापड ते कंपनीचं. मॅनेजरांनी ते झटकून उभं धरलं. "आणि हे शिवलेलंही वाटेतच सापडलं? कुणाचं आहे हे?"

"म्हाईत न्हाय."

"कुणी शिवलंय?"

"म्हाईत न्हाय मला."

"बरं." त्यांनी दुपटं वॉचमनच्या अंगावर फेकलं. "टाक सगळं खड्ड्यात. वेस्ट आहे."

गेटच्या बाजूलाच खड्डा होता, कालचा ढीग अजून धुमसत होता. आत्यांना काही कळेना. "तुमचं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आमचंच आहे."

"मंग जाळताय का?"

"आम्हाला नको आहे म्हणून, आजी."

वॉचमननं आधी तुकडे टाकले. मग दुपटं. आत्या एक पाऊल पुढं गेल्या, हातही पुढं गेला. "तेवडं शिवल्यालं..." त्या म्हणाल्या.

मॅनेजर वळले. "का? तुमचं आहे का ते?"

त्या हातानं दुपटं ओढलं असतं तर माझं काम गेलं असतं. आत्यांना ते कळलं, मलाही कळलं. मीसुद्धा दारातून हलले नाही. माझ्या हातचा टाका न टाका मला ओळखू येत होता. निळा कोपरा पेटला, मग रेघांचा. आत्यांनी हात मागं घेतला आणि पदराखाली लपवला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "माजं न्हाय."

आणि आल्या तशा चालत गेल्या. मी मशीनवर जाऊन बसले. त्या दुपारी माझ्या हातून इतके पीस बिघडले की सुपरवायझर बाईंचा घसा बसला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पाण्याचा तांब्या कुणी पुढं केला नाही. आत्या दारात बसल्या होत्या. मांडीवर त्यांचं हिरवं लुगडं, मामांनी कळप विकला तेव्हा घेतलेलं. ते त्या फक्त देवाच्या जत्रेला नेसायच्या. त्याचे उभे दोन तुकडे केले होते आणि त्यांचं दुपटं त्या जाडजूड टाक्यांनी शिवत होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसत नव्हत्या.

"आपलं हुतं त्ये," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "म्या खूण बगत बसले, तुजं टाकं बगितलंच न्हाईत. आपल्या हातानं न्हेऊन खाटकाच्या दारात बांधलं."

मला खूप बोलायचं होतं. झडतीचं, गाठीचं, मास्तरांच्या वयाचं, सगळं साठवून ठेवलेलं. माझा राग असा एका दुपारीत विझणारा नाही. पण मी चप्पल काढली आणि शेजारी बसले.

मग त्यांनी कात्री मागितली. मी दिली. दुपट्याच्या उजव्या कोपऱ्याला, शेंड्यापाशी, त्यांनी दोन खाचा पाडल्या आणि कड दोऱ्यानं घट्ट बांधून टाकली.

"आता कुनाच्याबी दारात जाऊ दे," आत्या म्हणाल्या, "आनून सोडत्याल."