लाल बटणाची तार

मित्रांनो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाराजवळ तीन बटणांची एक जुनी पेटी उभी आहे. तीच मी. हिरवे बटण म्हणजे काम झाले, पिवळे म्हणजे ठीकठाक आणि लाल म्हणजे नाराजी. बाहेर पडताना वाचकाने एक दाबायचे. कारखान्यात माझे प्रत्येक बटण हजार वेळा दाबून पाहिले होते, तेव्हा कुठे मला इथे पाठवले.

माझी पहिली वर्षे सुखाची गेली, ती शोधताईंमुळे. त्या सहायक ग्रंथपाल. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेले. नवी संगणकप्रणाली आली तेव्हा सुट्ट्या घालवून त्या एकट्याच ती शिकल्या. कुणाला एखादा शोधनिबंध सापडेना, की त्या खुर्ची ओढून शेजारी बसत. "शब्द बदलून बघ. तुला सुचला तोच शब्द लेखकाला सुचला असेल असं नाही," म्हणत. थोड्याच वेळात निबंध पडद्यावर येई. एका अंध विद्यार्थ्याला त्यांनी संगणकाकडून पुस्तके वाचून घ्यायला शिकवले. त्याने चाचपडत माझे हिरवे बटण शोधले आणि अख्ख्या तळहाताने दाबले. तो हात मी विसरलेली नाही.

मग पाहणी समिती आली. मुख्य ग्रंथपालांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी माझ्याजवळ उभे राहून हिरवे आकडे वाचून दाखवले.

"ही सगळी नव्या प्रणालीची किमया," ते म्हणाले. स्वतःचा पासवर्ड बदलायलाही त्यांना ताई लागत.

समितीतल्या बाईंनी ताईंना विचारले, "तुम्हाला काय वाटतं?"

"प्रणाली चांगलीच आहे," ताई म्हणाल्या. "पण ती वापरता येते फक्त मला. बाकीच्यांना शिकवायला हवं. साहेबांनासुद्धा."

कुणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. आठवड्याभरात ताई तळघरात गेल्या, फाटकी पुस्तके चिकटवायला.

त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या कारकुनाकडे सगळ्यांसाठी एकच उत्तर होते, "सर्व्हर डाऊन आहे." महिन्याभरात लालने हिरव्याला मागे टाकले. मला वाटले, आता तरी साहेबांचे डोळे उघडतील. त्यांनी शिपाईकाकांना बोलावले.

"हिच्या लाल बटणाची तार काढा. बिघडलीय."

"चांगली चालतेय की, साहेब."

"काढा म्हटलं ना."

काकांनी मान खाली घालून माझे स्क्रू फिरवले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. प्रबंध द्यायला दोन दिवस उरलेले, आणि एक संदर्भ मिळत नव्हता. कारकुनाने नेहमीचे उत्तर दिले. तिने माझे लाल बटण सहा वेळा दाबले. मग काकांना विचारले, "ताई कुठे असतात हल्ली?"

काकांनी साहेबांच्या दाराकडे पाहिले. "माहीत नाही, बाळा."

ती गेली. पुढच्या वर्षीच्या अहवालात छापून आले, 'एकही वाचक नाराज नाही.' साहेबांना मानपत्र मिळाले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, माझे बटणही दाबू नका. तळघराचा जिना डावीकडे आहे. खाली उतरा आणि ताईंना हाक मारा. त्यांच्या निवृत्तीला चारच महिने उरले आहेत.