उजवीकडची जागा

पेसामिनोने हॉर्नवर पंजा दाबला आणि तसाच दाबून ठेवला. पुढच्या बसला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. लाकडी अंगाची ती बस ठणाणा गाणी वाजवत, जिथे कोणी हात करेल तिथे थांबत आपल्याच तोऱ्यात चालली होती. मागच्या बाकावरची एक बाई विणलेल्या पंख्याने वारा घेत त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"बापाचा रस्ता आहे यांच्या!" तो खेकसला.

शेजारी त्याची बायको फुआतिनो बसली होती. मांडीवरची पिशवी तिने जरा सारखी केली आणि पुढे बघत राहिली.

पेसामिनोने मान उजवीकडे लांबवली, आणखी लांबवली. दिसलं काय, तर बसची पाठ. पलीकडचं बघायचं तर अर्धी पिकअप समोरून येणाऱ्यांच्या वाटेत घालायला हवी, आणि समोरून कोण येतंय ते धडकल्यावरच कळणार.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी सरकारने अख्ख्या सामोआचा रस्ता उलटवला होता. तोवर गाड्या उजवीकडून जायच्या, त्या दिवसापासून डावीकडून. कारण काय, तर ऑकलंड-सिडनीला गेलेल्या पोरांना तिकडच्या जुन्या गाड्या घरी पाठवता याव्यात. बसवाल्यांनी एका बाजूचं दार फळ्या ठोकून बंद केलं आणि दुसऱ्या बाजूला करवतीने नवं पाडलं. पण पेसामिनोची पिकअप शेजारच्या अमेरिकन बेटावरून आलेली, थोरल्या भावाने बोटीवर चढवून पाठवलेली. तिचं स्टिअरिंग डावीकडे. तिला काय करवत लावणार? पूर्वी तो रस्त्याच्या मधोमध राजासारखा बसायचा. आता गटाराच्या कडेने दुसऱ्यांच्या कोंबड्या बघत जायचा.

आणि हौस किती होती या माणसाला! मीठ आणायला निघाला तरी विमानतळापर्यंत चक्कर मारून यायचा. शनिवारी गाडी अशी धुवायचा की रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबुवासुद्धा तिच्या काचेत बघून टाय नीट करायचे. गिअर कुठे टाकायचा हे त्याला विचार करून ठरवावं लागत नसे, हात आपोआप जायचा. ते सगळं गेलं. आता वळणावर हात आपोआप गेला की गाडी जुन्या, उजव्या बाजूलाच जायची. धुणं बंद झालं, चकरा बंद झाल्या. हल्ली अगदी गळ्याशी आल्याशिवाय तो गाडी काढत नसे.

गावात डावीकडच्या स्टिअरिंगच्या गाड्या काही थोड्या नव्हत्या. त्या लोकांनी सोपी युक्ती काढली होती. उजवीकडे जो बसेल त्याने रस्ता बघायचा आणि सांगायचं. कोणाची आजी, कोणाची शाळकरी पोर, खिडकीतून डोकं काढून "थांब!" आणि "जा!" असं बिनदिक्कत ओरडायची. पेसामिनोला ते बघून हसू यायचं. हसू कसलं, चीड यायची. गाडी त्याच्या हातात आली त्या पहिल्याच दिवशी त्याने बायकोला बजावलं होतं, की माझ्या गाडीत मला कोणी शिकवायचं नाही. फुआतिनोने तो नियम आजवर पाळला होता.

मागच्याच महिन्यात एका ट्रकला मागे टाकायला तो बाहेर निघाला आणि समोर शेजारच्या गावच्या चर्चमधल्या गायकांची बस! त्या ड्रायव्हरने बस सरळ तारोच्या कंदांच्या वाफ्यात घातली म्हणून निभावलं. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका चिखलात उतरल्या, आणि देवाची गाणी म्हणणाऱ्या त्या तोंडांनी पेसामिनोचा जो उद्धार केला तो त्याला अजून ऐकू येत होता. त्यानंतर त्याने एकही गाडी मागे टाकली नव्हती.

म्हणूनच आज ते बंदरावर निघाले होते. ऑकलंडच्या लेकीने पाठवलेली छोटी पांढरी गाडी बोटीतून उतरली होती, स्टिअरिंग उजवीकडे असलेली. ती ताब्यात घ्यायची आणि पिकअप तिथेच शेजारच्या लाफाएलेच्या हवाली करायची. त्याला डोंगरावरच्या मळ्यातून तारो खाली आणायला ती हवी होती.

तेवढ्यात हा लाफाएलेच आपल्या टॅक्सीतून मागून आला, पिकअपच्या बरोबरीने झाला आणि खिडकीतून बोंबलला,

"काका, धक्का मारू का?"

"तुझ्या टॅक्सीला मार!"

"बंदरावर थांबतो हो! संध्याकाळपर्यंत पोचाल ना?"

आणि बससकट सगळ्यांना मागे टाकून तो दिसेनासा झाला.

पेसामिनोचं कानशील तापलं. आणि आगीत तेल म्हणून की काय, पिकअपच्या तोंडातून वाफ निघायला लागली. त्याने शिव्या घालत गाडी एका चर्चच्या आवारात घेतली. फुआतिनो टाकीवरून पाणी आणायला गेली. तो रेडिएटर निवायची वाट बघत उभा राहिला, मग त्याला उजवीकडचं दार आठवलं. त्याचा खटका ढिला होता, खड्ड्यात गाडी आदळली की दार उघडायचं. दोन वर्षं फुआतिनो ते एका हाताने धरून बसत होती. बायकोसाठी कधी सुचलं नाही, पण लाफाएले नावं ठेवील म्हणून आज सुचलं. तो पेचकस घेऊन तिच्या जागेवर बसला आणि दार आतून ओढून घेतलं.

स्क्रू पिळता पिळता त्याने मान वर केली.

आवाराच्या तोंडाशी उभ्या त्या गाडीतून सगळा रस्ता दिसत होता. मघाची बस पुढे थांबलेली, तिच्या उजवीकडून थेट पुलापर्यंतचा रस्ता, पुलावरून येणारा सायकलवाला, त्याच्यामागे मोकळंच मोकळं. तो पेचकस हातात धरून बघतच राहिला.

फुआतिनो बादली घेऊन खिडकीशी आली.

"तुला हे सगळं असं दिसतं?" त्याने विचारलं.

"मग काय डोळे मिटून बसते?"

"मघाशी बसच्या पुढे काही होतं?"

"काही नव्हतं. तू हॉर्न बडवत होतास तेव्हा तर एक कुत्रंसुद्धा नव्हतं."

त्याने पेचकस मांडीवर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"आणि त्या दिवशी? ती गायकांची बस?"

फुआतिनोने बादली खाली ठेवली.

"दिसली होती," ती म्हणाली. "तोंड उघडलं होतं मी. मग तुझ्याकडे बघितलं आणि मिटलं. म्हटलं, याला दिसलंच असेल, उगाच आपण बोलायचं आणि पुढे आठवडाभर याचं तोंड बघायचं." तिने खिडकीची कड धरली. "माणसं मेली असती, पेसामिनो. तुझ्या एका हट्टापायी आणि माझ्या एका गप्प बसण्यापायी. तेव्हापासून मला धड झोप नाही."

त्याने खटका पिळून घट्ट केला, दार दोनदा उघडून लावून बघितलं, उतरला आणि तिला बसायला जागा दिली.

पुन्हा रस्त्यावर आले, तर पुलापलीकडे तीच बस, तोच गोंगाट, तीच पंख्याची बाई. पेसामिनोचा हात हॉर्नकडे गेला आणि अर्ध्यावरून परतला. त्याने घसा खाकरला. एकदा खाकरून भागलं नाही.

"कोणी आहे का?" त्याने विचारलं. तिच्याकडे न बघता.

फुआतिनो पुढे सरकली, तळहात काचेच्या कडेला टेकवला.

"थांब," ती म्हणाली. "ट्रक येतोय. थांब. त्याच्यामागे एक टॅक्सी. थांब रे, घाई काय आहे? आता... आता जा! जा, जा, जा!"

त्याने पाय दाबला. पिकअप गुरगुरत बाहेर पडली, पंख्याची बाई, फळ्या ठोकलेलं जुनं दार, ड्रायव्हरचं आ वासलेलं तोंड, एकेक करून मागे पडलं आणि समोर मोकळा रस्ता आला. किती दिवसांनी! त्याने हळूच शेजारी बघितलं. फुआतिनोने पिशवी पायाशी टाकून दिली होती, आणि ती रस्त्याकडे अशी बघत होती जसा तो एके काळी बघायचा.

"पुढे नारळाचा ट्रक आहे," ती म्हणाली. "तोसुद्धा मागे टाकून होईल."

तोही झाला. त्याच्यापुढचा आणखी एक झाला.

बंदरावर लाफाएले टॅक्सीला टेकून कोको पीत उभा होता.

"अरे वा, उजेडात पोचलात! द्या किल्ली, काका. चालते ना नीट?"

पेसामिनोने किल्ली मुठीत धरली.

"चालते की. पण तिला दोन माणसं लागतात."

"दोन? मला एकट्यालाच न्यायचीय, मळ्यावर. उजवीकडच्या सीटवर तारोची पोती टाकणार."

"मग नाही जमायचं," पेसामिनो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली.

"अहो, म्हणजे काय? शब्द दिला होता तुम्ही! काकू, तुम्ही तरी सांगा यांना."

पण काकू तिथे नव्हत्या. फुआतिनो लेकीची गाडी बघायला पुढे गेली होती. पांढऱ्या गाडीला एक फेरी मारून, रोजच्या सवयीने तिने उजवीकडचं दार उघडलं आणि आत बसली. बसल्यावर तिला कळलं, की समोर स्टिअरिंग आहे. ती उठली नाही.

लाफाएलेला तिथेच बडबडत सोडून पेसामिनो आला आणि तोही सवयीने डावीकडचं दार उघडून बसला. हात पुढे गेले, आणि धरायला काहीच नव्हतं म्हणून मांडीवर येऊन पडले. तिने दोन्ही तळवे पदराला पुसावेत तसे झग्याला पुसले आणि स्टिअरिंगवर ठेवले, बरोबर जिथे ठेवायचे तिथे.

"उतर," हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने पट्टा ओढून लावला.

"मी काही बोलणार नाही," तो म्हणाला.

"बोल रे बाबा," फुआतिनो म्हणाली. "आधी चालू कशी करायची, ते तरी बोल."