कोतोए एकटीच पळते

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. सायोने ती चुलीवरून उतरवली. चटईवर पालथी पडून तिची पाचवीतली मुलगी कोतोए गणित करत होती. अर्धा अधिक एक तृतीयांश. उत्तर लिहिलं होतं, दोन पंचमांश.

"अगं, हे बाईंनी शिकवलं नाही?"

"शिकवणार होत्या. मग ढोलाची तालीम आली, मग फोटोवाले आले. बाई म्हणाल्या, नंतर बघू."

डोंगरातल्या त्या शाळेत कोतोए एकटीच उरली होती. गावाला तिचं भारी कौतुक. क्रीडादिनाला सगळी म्हातारी माणसं तिच्याबरोबर पळत आणि मुद्दाम मागे राहत. यंदा तिने फीत तोडली, तर फोटोवाल्याने परत पळवली. "आता जरा हसत हं!" पोरगी हसत पळली. त्याच दिवशी सायोने ठरवलं, पोरीला खाली शहरात मावशीकडे ठेवायचं आणि तिथल्या शाळेत घालायचं.

बातमी लपते थोडीच! संध्याकाळी गावप्रमुख शिगेमात्सु मुळ्यांची जुडी घेऊन हजर झाले. सायोची सासू तोमे रजई घातलेल्या, आत शेगडी असलेल्या बुटक्या मेजाखाली पाय घालून बसली होती. तिच्याशेजारी तेही ऐसपैस बसले.

"सूनबाई, कोतोए गेली की शाळेला कुलूप. बस शाळेसाठीच येते, शाळा गेली की तीही बंद. मग तोमेवहिनींनी दवाखान्यात जायचं कसं?" पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "गावाचा खांब आहेस तू, बाळा!"

तो हात सायोला बघवेना. कोवळ्या मानेवर सगळ्या गावाचं म्हातारपण लादायचं आणि वर लाड करायचे!

"काका, तुमचा नातू कुठे शिकतो?"

"त्याचं वेगळं गं. शहरात आहे. हुशार पोरगा, इथे त्याचं नुकसान झालं असतं."

बोलून गेल्यावर त्यांनी घाईने चहाचा घोट घेतला.

"म्हणजे इथे नुकसान होतं, हे ठाऊक आहे तुम्हाला," सायो म्हणाली. "वसंतात शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की कोतोए शहराच्या शाळेत जाणार. मुळे परत न्या."

"गाव तोंड बघणार नाही तुमचं!"

"शिगे," तोमे खोकत म्हणाली, "चहा संपला असेल तर ऊठ. मेजाखालची ऊब जातेय."

दार आपटलं. सायो पोरीला पोटाशी घेऊन बसली. केसांना खडूचा वास येत होता. तिने पेन्सिल उचलली, चौकोनी कागदाला घड्या घालून त्याचे सहा भाग केले आणि समजावू लागली. "हे बघ, अर्धा म्हणजे यातले तीन..."

कोतोए कागदाकडे बघतच नव्हती. आजीला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, बस बंद झाली आणि आजीला काही झालं, तर ते माझ्यामुळे?"