लोरेनच्या नावावरचे पैसे

नवऱ्याला, लोरेनला, पुरून पाच दिवस झाले होते. जोलीनने फ्रीज उघडला तर आत चीज घालून भाजलेल्या बटाट्यांची भांडी एकावर एक रचलेली. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेली, प्रत्येक भांड्याच्या बुडाला आणणारीच्या नावाची पट्टी चिकटवलेली. म्हणजे दुःख आवरलं की घासून परत करायची. दुखवट्यातल्या बाईला आमचं गाव उपाशी ठेवत नाही, तेवढं आम्ही नेमाने करतो.

जोलीनला भूक नव्हती आणि रडूही येत नव्हतं. दात काढल्यावर ओठ बधिर होतो, तशी ती सगळीच झाली होती. तिने कॉफी ठेवली, कारण दहा वाजता आर्लिन येणार होता.

आर्लिन म्हणजे लोरेनचा थोरला भाऊ, चर्चच्या कारभाऱ्यांतला एक. आयोवा राज्याच्या आमच्या या कोपऱ्यात रीतच आहे. नवरा गेला की आठवड्याच्या आत त्याचा भाऊ येतो, गेलेल्याच्या खुर्चीत बसतो आणि कागद पुढे सरकवतो. बाईने कॉफी ओतायची आणि बोट ठेवतील तिथे सही करायची. जी विचारते, तिचा नवऱ्यापेक्षा पैशावर जीव जास्त होता असं लोक बोलतात.

आर्लिन आईला, विल्माला, घेऊन आला. म्हातारी कोपऱ्यात बसली. आर्लिन लोरेनच्या खुर्चीत बसला.

“लोरेनचे कारखान्यातले निवृत्तीचे पैसे तुझ्या नावच्या खात्यात टाकायचे. ड्वाइटने सगळं तयार ठेवलंय. गुंतवणुकीची खाती उघडून देतो, आपल्याच चर्चचा माणूस. एक सही केलीस की तुझ्या डोक्याला ताप नाही.”

“मला त्यातून दर महिन्याला काढावे लागतील.”

“काढ की. थोडाफार दंड पडेल. तो सगळ्यांनाच पडतो.”

“मी बावन्न वर्षांची आहे, आर्लिन. शाळेच्या ग्रंथालयातल्या अर्ध्या पगारावर घर चालत नाही.” जोलीनचा आवाज सपाट होता. “काल मी कारखान्याच्या कार्यालयात फोन केला.”

“फोन केलास? अजून थडग्यावरची फुलं सुकली नाहीत.”

“पैसे लोरेनच्याच नावावर राहू दिले, तर त्याची विधवा म्हणून मला ते काढता येतात. कर पडतो, दंड नाही. माझ्या खात्यात टाकले, की साठीला टेकेपर्यंत दर वेळी वर दहावा हिस्सा दंड. आणि एकदा टाकले की परत फिरवता येत नाहीत, म्हणाली तिथली बाई.”

“ड्वाइट पंचवीस वर्षं हेच काम करतोय.”

“नवं खातं उघडलं की त्याला दलाली मिळते ना?”

“आता फुकट कोण काम करतं?” आर्लिनने पेन तिच्यापुढे ठेवलं. तो लबाड नव्हता. त्याने कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. “माझ्यावर भरवसा नाही का तुझा?”

“आहे. सही मात्र करणार नाही.”

हे बोलताना छाती धडधडेल असं तिला वाटलं होतं. काहीच झालं नाही. तिने पेन उचलून त्याच्या बाजूला ठेवलं.

“आई, तू तरी सांग हिला,” आर्लिन म्हणाला.

विल्माने कॉफीचा कप खाली ठेवला. “तुझे वडील गेले तेव्हा मी पन्नाशीची होते. तुझा काका असाच येऊन बसला होता. मी सही केली. मग दंड भरायला नको म्हणून त्या पैशांना हातच लावला नाही. नऊ वर्षं वृद्धाश्रमातले संडास घासले.”

“तू तर म्हणायचीस, घरात करमत नाही म्हणून जाते.”

“तुझ्या काकाला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे.”

आर्लिनने आईच्या हातांकडे बघितलं. मग भावाच्या खुर्चीतून उठला. कागद त्याने गुंडाळून खिशात घातले, आणि जोलीनने त्याच्या कपात कॉफी ओतली नाही.

पुढच्या वेळी कुणाला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव वाटले जातील, तेव्हा भांड्याच्या बुडाला आपलं नाव जरूर चिकटवा. पण त्या घरच्या विधवेच्या हातात पेन द्यायला आपल्या घरातून कोण निघालंय, हेही एकदा विचारा.